चौथ्या खेपेला उतरला!

आज लॅबमध्ये चौथ्यांदा बसलो आणि मोलिब्डेनम डायसल्फाइड ह्या अर्धवाहक पदार्थाचा एकच थर, जेमतेम ०.६५ नॅनोमीटर जाडीचा, पीडीएमएस ह्या रबरासारख्या पदार्थाच्या मऊ स्टॅम्पवरनं सोन्याच्या इलेक्ट्रोडवर अलगद उतरला, नाद खुळा! सगळं गणित स्टॅम्प उचलायच्या वेगात हाय, झटकन उचलला की थर स्टॅम्पलाच चिकटून वर येतो, सावकाश सोडवला तर खाली राहतो, म्हणून श्वास रोखून स्क्रू केसाकेसानं फिरवत बसलेलो. मायक्रोस्कोपखाली कडेला एक बुडबुडा दिसतोय, तो सलतोयच. २००४ ला गाईम आणि नोव्होसेलोव्ह ह्या शास्त्रज्ञांनी साध्या चिकटपट्टीनं ग्राफीन, म्हणजे कार्बनचा एका अणूच्या जाडीचा थर, सोललं तेव्हापासनं आम्ही सगळे ह्या सोलण्या-चिकटवण्याच्या नादाला लागलोय. रंकाळ्यावर आलो तर अंधार पडलेला, तिथनंच आईला फोन लावला, म्हटलं उतरला गं एकदाचा.