ओरखडे चालतील, आवाज पाहिजे

जुनी ॲकूस्टिक गिटार घ्यायची म्हटलं की लोक आधी तिची चकाकी बघतात, मला हे काही झेपत नाही. मी घेतलेली मार्टिन या अमेरिकन कंपनीची डी-१८ साठच्या दशकातली आहे, टॉप (पुढची फळी) स्प्रूसच्या लाकडाचा, पाठ आणि बाजू महोगनीच्या, साउंडहोलखाली (पुढच्या गोल भोकाखाली) तारा छेडायचं पिक घासून घासून पॉलिश पार उडालंय आणि नेकच्या (गिटारच्या दांड्याच्या) मागे जिथे अंगठा टेकतो तिथलं लाकूड हाताला एकदम मऊ लागतं. साधा जी कॉर्ड मारला तर खालचे सूर भरदार येतात, पण प्रत्येक तार वेगळी ऐकू येते, गिचमिड होत नाही. (अमेरिकन गायक विली नेल्सनच्या मार्टिन एन-२० गिटारला तर घासून चक्क भोक पडलंय, तेवढं नाही हं.)

वयाने स्प्रूसमधलं हेमिसेल्युलोज (लाकडातला एक घटक) हळूहळू कमी होतं, लाकूड हलकं होतं पण कडकपणा बराचसा टिकतो, त्यामुळे टॉप पटकन थरथरतो, एवढं पटण्यासारखं आहे. वाजवल्यामुळे गिटार 'उघडते' का, म्हणजे तिचा आवाज आणखी खुलतो का, यावर मात्र लोक कायम भांडत असतात. मला विचाराल तर उलटं आहे, जी मुळातच गोड वाजायची तीच लोकांनी इतकी वाजवली, बाकीच्या आपापल्या पेटीत पडून राहिल्या. म्हणून पन्नास वर्षांची एखादी गिटार अगदी कोरी करकरीत दिसली की मी जरा बिचकतोच.

अर्थात झीज वेगळी आणि बिघाड वेगळा. भेग नीट चिकटवून आतून लाकडाचे तुकडे लावले असतील तर बिनधास्त घ्या, सुटलेली ब्रेस (टॉपला आतून आधार देणारी पट्टी) चिकटवता येते, पण नेकचा कोन नक्की बघा. फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) सरळ पट्टी ठेवली की तिचं टोक साधारण ब्रिजच्या (टॉपवर तारा अडकवायच्या लाकडी तुकड्याच्या) वरच्या कडेला टेकलं पाहिजे, खूप खाली गेलं तर नेक रीसेट आलाच, म्हणजे वाफेने सांधा सोडवून परत बसवायचा, खर्चिक काम. ब्रिजवरची सॅडल (जिच्यावर तारा टेकतात) तासून तासून अगदी बुटकी केली असेल तर समजायचं की कोणीतरी हे काम पुढे ढकललंय. शिवाय मार्टिनमध्ये ॲडजस्ट करता येणारा ट्रस रॉड (नेक सरळ ठेवणारी आतली सळी) १९८५ मध्ये आला, त्याआधीचा नेक वाकला असेल तर चावी फिरवून काही होत नाही.

आणि कोणी नव्याने जाड पॉलिश मारलं असेल तर मी हातच लावत नाही, दिसते भारी पण आवाज दबतो. त्यापेक्षा ओरखडे परवडले, त्यांच्यामुळे भावही उतरतो.

झिजलेले फ्रेट मी सगळे बदलून घेतले. कलेक्टर मंडळी नाकं मुरडतात कारण ओरिजिनल पार्ट गेला की किंमत पडते, पण मला कुठे विकायचीय.