दातपडक्या चिंचोका

आमच्या नातीला वीसच्या पुढचे आकडे येत नाहीत. सोळानंतर ती थेट एकोणीसवर उडी मारते. तरी गेल्या आठवड्यात डब्यातला एक चिंचोका कमी आहे हे तिला माझ्या आधी कळलं.

साडेचार वर्षांची आहे. दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून आमच्याकडे नगरला आली. आदल्या रात्री मी तिला येशूने सांगितलेला हरवलेल्या मेंढराचा दाखला, म्हणजे बोधकथा, सांगितला होता: शंभरातलं एक मेंढरू हरवतं, मेंढपाळ ते सापडेपर्यंत शोधतो आणि मग शेजाऱ्यांना आनंद करायला बोलावतो. आमच्या भागात मेंढरं म्हणजे काय हे पोरांना समजवावं लागत नाही. पाऊस सरला की धनगरांचे कळप रस्त्याने दिसतात, शेतकरी खतासाठी ते रात्री रानात बसवून घेतात. एसटीच्या खिडकीतून तिने असा एक कळप पाहिला होता. सकाळी तिने माझा चिंचोक्यांचा पत्र्याचा डबा फरशीवर पालथा केला, माझ्या जुन्या ओढणीचं कुंपण घातलं आणि कळप बसवला. थोड्या वेळाने रडण्याचा आवाज आला.

"आजी, दातपडक्या नाहीये!"

दातपडक्या म्हणजे ज्याच्या कडेची कपची उडालेली आहे, तो. मला विचारावं लागलं. मला सगळे चिंचोके सारखेच दिसत होते. तिच्या कळपात मात्र एक पोटवाला होता, एक झोपाळू होता, आणि दोघं जुळे होते ज्यांना शेजारी शेजारीच ठेवायचं होतं. तिने मोजलं नव्हतंच. तिला तोंडओळख होती.

मी म्हटलं, "अगं, इतके आहेत की. दुसरा घे."

"पण तो एकटाय ना तिकडे."

यावर मला काही बोलता येईना. केरसुणी आणि टॉर्च घेतली आणि कपाटापुढे फरशीवर आडवी झाले. डावा गुडघा दुमडत नाही, त्यामुळे वेळ लागला. गाल फरशीला लावून पाहिलं तेव्हा धूळ, शर्टाचं एक बटण, पेन्सिलीचा तुकडा, आणि मागच्या पायाच्या आड दातपडक्या. तिथे पडल्या पडल्याच मला बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातली, पंधराव्या अध्यायातली ती बाई आठवली. दहा नाण्यांतलं एक हरवतं म्हणून ती दिवा लावते, घर झाडते आणि सापडेपर्यंत शोधत राहते. एकतीस वर्षं मी संडेस्कूलमध्ये हा दाखला शिकवला. त्या बाईच्या नाकात धूळ गेली असेल, पाठ भरून आली असेल, हे माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं.

मग मेजवानी. प्रत्येक चिंचोक्यापुढे एक एक चुरमुरा. "शेजाऱ्यांना पण बोलवायचं असतं ना?" म्हणून ती मला हाताला धरून शेजारच्या काकूंकडे घेऊन गेली आणि दारातूनच ओरडली, "आमचा दातपडक्या सापडला!" काकूंनी कोण, कुठला, काही विचारलं नाही. तिच्या हातावर गूळखोबरं ठेवलं.

रात्री मत्तयाचं शुभवर्तमान उघडलं. मेंढराचा दाखला तिथेही आहे, अठराव्या अध्यायात. लूकमध्ये येशू तो कुरकुरणाऱ्या परूश्यांना आणि शास्त्र्यांना, म्हणजे त्या काळच्या यहुदी धर्मपंडितांना, सांगतो. मत्तयात मात्र अध्यायाच्या सुरुवातीलाच तो एका बाळकाला बोलावून शिष्यांच्या मध्ये उभं करतो, आणि मेंढराची गोष्ट पुढे त्याच बोलण्यात येते. मी हे कायम दोन रविवारी, दोन वेगळे पाठ म्हणून शिकवलं. त्या रात्री पहिल्यांदा मला ते मूल दिसलं. अजून तिथेच उभं होतं, ऐकत.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कल्पनाशक्तीबद्दल थोडी धास्तीच असते. कल्पना म्हणजे मनचे मांडे, विश्वास म्हणजे सत्य, असं मीही मानत आले. कॅथलिक परंपरेत संत इग्नेशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकातच प्रार्थनेची वेगळी रीत घालून दिली: शुभवर्तमानातला प्रसंग डोळ्यांपुढे आणायचा, रस्ता किती लांब, घर केवढं, कोण काय बोलतंय, सगळं. ही वाट आपली नव्हे म्हणून मी ते बाजूला ठेवलं होतं. आणि ज्यांची भजनं आम्ही गातो ते रेव्हरंड ना. वा. टिळक आमच्या नगरातच राहिले. मराठी माणूस त्यांना फुलामुलांचे कवी म्हणतो. ख्रिस्तावर इतकं जीव लावून लिहिणारा माणूस मुलांचाही कवी असावा, याचा मी आजवर कधी विचारच केला नाही.

माझ्याकडे प्रार्थनेची वही आहे. रोज रात्री त्यातली नावं मी ओळीने वाचते, शाळेत हजेरी घ्यायचे तशी. आजारी, बेकार, परीक्षेला बसलेले. अकरावं नाव माझ्या धाकट्या मुलाचं. त्याने मंडळीत येणं सोडून सहा वर्षं झाली आणि आमचं बोलणंही सणावारापुरतं उरलंय. त्या रात्री अकराव्या नावावर थांबले आणि वही मिटली. पेरूच्या झाडावरून पडला तेव्हाची भुवईवरची खूण आठवली. चहा बशीत ओतून पितो, ते आठवलं. बराच वेळ फक्त त्याच्याकडे पाहत बसले. आमेन म्हणायचं राहून गेलं.

सकाळी त्याला फोन लावला. मंडळीचा विषय काढला नाही. दातपडक्याची सगळी गोष्ट सांगितली, कपाटाखालच्या बटणासकट. तो ऐकत होता. मग थोडा वेळ काहीच बोलला नाही.

"आई," तो म्हणाला, "गुडघा कसा आहे आता?"