तुम्ही विचारलंत म्हणून: शीख नसताना लंगरला जेवायला कशी काय जाता?

पुण्यात येऊन आता बरीच वर्षं झाली पण नांदेडकडची आहे म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. तिथल्या गुरुद्वारात सगळ्यांना फुकट जेवण, म्हणजे लंगर, असतं ना, तुम्ही जाता का, शीख नसलं तर चालतं का, आणि पैसे न देता जेवायला कसंतरी नाही का वाटत? परवा ऑफिसातल्या एका ताईंनीही हेच विचारलं, दिवाळीनंतर त्या घरच्यांना घेऊन औंढा नागनाथ आणि नांदेड करणार आहेत. घाईत अर्धंमुर्धं सांगितलं तेव्हा, आता नीट सांगते.

चालतं. डोकं झाकायचं, चपला जोडा घरात द्यायच्या, हात धुवायचे आणि पंगतीत बसायचं, नाव गाव जात कोणी विचारत नाही. कसंतरी वाटतं का, याचं उत्तर मात्र मोठं आहे, कारण मला वाटलं होतं, चांगलंच वाटलं होतं.

2009 ची गोष्ट. आमचं गाव हिंगोली जिल्ह्यात, बाबांच्या पोटाचं ऑपरेशन नांदेडला करायचं ठरलं आणि मी त्यांच्याजवळ राहिले, नऊ दिवस. घरून बांधून आणलेल्या भाकरी दोन दिवस पुरल्या, मग खिशातल्या पैशात औषधं आधी की मेसचा डबा आधी असा हिशोब सुरू झाला. शेजारच्या बेडवरच्या पेशंटची बायको देगलूरकडची होती, ती म्हणाली, "लंगर साहिबला चल की गं बाई, मी तर रोज तिथंच जेवायलेय." लंगर साहिब म्हणजे नांदेडमधलं लंगर चालवणारं गुरुद्वारा. मला नको वाटत होतं. आपल्या घरात शेती आहे, आपण असं मागून खायचं का, हेच डोक्यात. पण भूक लागली होती म्हणून गेले.

लांबच लांब सतरंज्या, समोर खणांचं स्टीलचं ताट, माझ्या एका बाजूला देगलूरची बाई आणि दुसऱ्या बाजूला सोन्याच्या बांगड्या घातलेल्या कोणीतरी पंजाबी बाई, समोरच्या रांगेत रिक्षावाले, कॉलेजची पोरं, सगळे जमिनीवरच. एक मुलगा टोपलं घेऊन "परशादा वाहेगुरू, परशादा वाहेगुरू" म्हणत आला, मी एक हात पुढं केला तर तो थांबला. "दोनो हाथ, दीदी." परशादा म्हणजे पोळी. आपण तीर्थप्रसाद घेताना ओंजळ करतो तशी ओंजळ केली तेव्हा त्यानं वरून गरम पोळी सोडली, बोटं भाजली. आणि खरं सांगते, ती ओंजळ केल्यावर मागून खातोय हे वाटणं तिथंच अर्धं गेलं, कारण भीक कोणी अशी घेत नाही, असा प्रसादच घेतात.

उरलेलं अर्धं दुसऱ्या दिवशी गेलं. आदल्या दिवशी माझ्यासमोरच्या रांगेत जेवणारा एक म्हातारा त्या दिवशी डाळीची बादली घेऊन वाढत होता. जेवण झाल्यावर मी पण काही करू का म्हणून विचारलं तर लसूण सोलत बसलेल्या बायकांनी सरकून जागा केली, बास, ना फॉर्म ना ओळखपत्र. तासभर लसूण सोलला. नऊ दिवसांत बाबांच्या तब्येतीच्या काळजीतून थोडा वेळ डोकं मोकळं झालं असेल तर ते त्या लसणाच्या ढिगाजवळ.

तिथंच ऐकलेली गोष्ट. हे लंगर सुरू केलं बाबा निधानसिंगांनी. ते इथली सेवा सोडून पंजाबला परत निघाले होते, नांदेडच्या स्टेशनवर येऊन बसले होते, तेव्हा त्यांना गुरू गोबिंदसिंगांचं दर्शन झालं आणि गुरू म्हणाले, लंगर चालव, "हाथ तेरा, खीसा मेरा". हात तुझा, खिसा माझा. शब्दसुद्धा आपलाच आहे बघा, भाषांतर करायची गरज पडली नाही. ज्याला पैसे न दिल्याचं अवघडल्यासारखं वाटतं त्याला मी ही गोष्ट सांगते. खिसा वाढणाऱ्याचाही नाही आणि जेवणाऱ्याचाही नाही, मग कोण कोणाचे उपकार मानणार?

आणि म्हणूनच "देवाधर्माचं वेगळं आणि समाजसेवा वेगळी" असं कोणी म्हणालं की मला पटत नाही. गुरू गोबिंदसिंगांनी 1708 मध्ये नांदेडलाच देह ठेवला, तिथं तख्त सचखंड श्री हजूर साहिब आहे, शिखांच्या पाच तख्तांपैकी, म्हणजे सर्वोच्च धर्मपीठांपैकी एक. रोज अंधार असतानाच गोदावरीचं पाणी गागरीतून आणून तख्त धुतात. त्याच शहरात लंगरची चूल पेटते. ही पूजा झाली, आता थोडी सेवा करू, असं नसतं ते, कीर्तन ऐकणं आणि कांदा चिरणं एकाच रांगेतली कामं आहेत.

लॉकडाऊनमध्ये 2020 ला हे सगळ्यांनी पाहिलं. यवतमाळ जिल्ह्यातल्या करंजीला हायवेवर लंगर साहिबचीच एक शाखा आहे, पत्र्याची शेड. हजारो मजूर चालत, ट्रकवर बसून गावाकडं निघाले होते, ढाबे सगळे बंद, तेव्हा 81 वर्षांचे बाबा कर्नैलसिंग खैरा आणि त्यांची माणसं रात्रंदिवस वाढत होती, दहा आठवड्यांत 20 लाखांच्या घरात माणसं जेवली असं तेव्हा छापून आलं. आमच्या सचखंड एक्स्प्रेसमध्ये पण, नांदेडहून अमृतसरला जाताना ठराविक स्टेशनांवर सेवादार लंगर घेऊन उभे असतात, नेहमीचे प्रवासी घरूनच ताट-वाटी घेऊन निघतात.

आईचं वेगळंच. ती पाचव्या दिवशी आली, कट्टर वारकरी, आधी आत यायलाच तयार नव्हती. आत कीर्तन चालू होतं, भाषा काही कळेना, तेवढ्यात तिला "नामदेव" ऐकू आलं. गुरू ग्रंथ साहिबमध्ये नामदेवांची 61 पदं आहेत, आणि नामदेवांचं नरसी आमच्या गावापासून जवळच, म्हणजे तिच्या दृष्टीनं हा गावातलाच माणूस. तिनं पदर डोक्यावर नीट घेतला आणि तिथंच खाली बसली, मग उठवेना मला तिला.

एकच विनंती, पंगतीत बसून रील बनवू नका. शेजारी कोणाचं माणूस आयसीयूत असतं, त्याला त्याचा घास खाऊ द्या. ताटात टाकू नका, लागेल तेवढंच घ्या.

बाबा बरे झाले. तेव्हापासून तूर निघाली की आई 5 किलो डाळ वेगळी बांधून ठेवते आणि नांदेडला जाणारं कोणी सापडलं की त्याच्या हाती लंगर साहिबला पाठवते, वर नाव नाही चिठ्ठी नाही. ताई, तुम्ही औंढ्याहून नांदेडला जाणार ना, आमचं गाव त्याच रस्त्यावर आहे. गाडीत जागा असली तर ते गाठोडं घेऊन जाल का?