हरित रसायनशास्त्राची परिषद : तिसऱ्या दिवसाची दुपार सोडून द्या

आधी निकाल सांगते, कारण मला तो कुणी सांगितला नव्हता. परिषदेला जा. पण आदल्या दिवशीची वेगळे पैसे भरून करायची कार्यशाळा घेऊ नका. आणि कार्यक्रमपत्रिकेत कुठे 'नव्या पिढीचे हरित द्रावक' असं सत्र दिसलं, तर तेवढा वेळ खोलीवर जाऊन झोपा.

हरित रसायनशास्त्राची (कमी कचरा, कमी विषारी पदार्थ) बारा तत्त्वं तोंडपाठ आहेत आणि स्वतःच्या हातांनी कॉलम, म्हणजे उत्पादन शुद्ध करायची सिलिकाची नळी, लावलेत, अशांसाठी हे लिहिते आहे. अ‍ॅनास्टस आणि वॉर्नर यांनी ती तत्त्वं १९९८ साली मांडली. अजूनही प्रत्येक दुसरं व्याख्यान त्यांच्या यादीनेच सुरू होतं. मी मोजलं : पाच दिवसांत ती स्लाइड सतरा वेळा आली.

कार्यशाळेचं आधी, कारण ती जखम ओली आहे. विषय होता जीवनचक्र मूल्यमापन, म्हणजे कच्चा माल जमिनीतून निघाल्यापासून कचरा होईपर्यंतचा हिशेब. शुल्क मुख्य नोंदणीच्या जवळजवळ निम्मं. 'स्वतःच्या अभिक्रियेचे आकडे घेऊन या' असं माहितीपत्रकात ठळक छापलेलं. मी तीन आठवडे खपून सगळं वजन केलं : सिलिका, धुतलेल्या काचसामानाचा अ‍ॅसिटोन, रोटाव्हॅपच्या (द्रावक उडवून काढायच्या यंत्राच्या) सापळ्यात जमलेलं द्रावकसुद्धा. तिथे गेल्यावर कळलं की कुणाचेच आकडे कुणी बघणार नाही. दिवसभर एका सॉफ्टवेअरचं प्रात्यक्षिक, उदाहरण प्लास्टिकच्या बाटलीचं, आणि जाताना हातात पंधरा दिवसांचा चाचणी परवाना. अशा डेटाबेसमध्ये मेथॅनॉल, टोल्युईन सापडतात, पण आपला फॉस्फीन लिगंड (धातूच्या उत्प्रेरकाला जोडायचा रेणू) सापडत नाही. खरी अडचण तीच असते, आणि तिच्यावर मिळाली दहा मिनिटं, तीही चहाच्या आधीची. तुम्हाला हा विषय शिकायचाच असेल तर एखाद्या रासायनिक अभियंत्याला गाठा.

पहिले दोन दिवस चांगले गेले. सिटाग्लिप्टिन या मधुमेहाच्या औषधाची गोष्ट पुन्हा ऐकली : ऱ्होडियम आणि उच्च दाबाचा हायड्रोजन वापरणारी पायरी काढून तिथे उत्क्रांत केलेलं ट्रान्सअमिनेज विकर बसवलं, कचरा १९ टक्क्यांनी घटला. जुनी गोष्ट आहे, २०१० सालची, पण तिच्यात आकडे कारखान्यातले आहेत. तो फरक मला तिसऱ्या दिवशी कळला.

तिसरा दिवस, दुपारी दोन, तेच हरित द्रावकांचं सत्र. ओळीने सात व्याख्यानं. पहिलंच 'पाण्यात, खोलीच्या तापमानाला' असलेल्या कपलिंगचं, म्हणजे दोन रेणू जोडायच्या अभिक्रियेचं. शेवटच्या स्लाइडवर ई-फॅक्टर ४, हिरव्या गोलात. ई-फॅक्टर म्हणजे एक किलो उत्पादनामागे किती किलो कचरा. रॉजर शेल्डन यांनी १९९२ साली ही कल्पना छापली, तेव्हा औषधनिर्मितीचा आकडा २५ ते १०० आणि त्याहून वर होता. त्यामुळे ४ बघून सभागृहात टाळ्या. मी विचारलं, उत्पादन पाण्यातून बाहेर कसं काढलंत? तीन वेळा एथिल अ‍ॅसिटेट. मग? मग कॉलम. ते धरलंय? 'नाही, आम्ही साधा ई-फॅक्टर दिला आहे.'

आता, साधा ई-फॅक्टर ही मान्य व्याख्या आहे. तिच्यात द्रावक आणि पाणी धरत नाहीत. दोन्ही धरणारा संपूर्ण ई-फॅक्टर वेगळा असतो. पण द्रावकाच्या सत्रात द्रावक वगळलेला आकडा दाखवायचा, याला काय म्हणावं? माझ्या वहीतला हिशेब सांगते. २०० मिलिग्रॅम उत्पादनासाठी कॉलमला ६०० मिलिलिटर हेक्झेन–एथिल अ‍ॅसिटेट गेलं, वजन सुमारे ४२० ग्रॅम. म्हणजे एकट्या कॉलमचा ई-फॅक्टर २१००. वरचा ४ त्यात कुठे शोधणार? म्हणूनच औषध कंपन्यांतले लोक पीएमआय (प्रोसेस मास इंटेन्सिटी) वापरतात : आत गेलेलं सगळं वस्तुमान भागिले बाहेर आलेलं उत्पादन. पाणीही आत, द्रावकही आत. लपवायला जागा कमी.

दुसरं व्याख्यान डीप युटेक्टिक द्रावकांचं, म्हणजे घटकांपेक्षा खूप कमी तापमानाला वितळणाऱ्या मिश्रणांचं. कोलीन क्लोराइड आणि युरिया १ ला २ प्रमाणात मिसळले की १२ अंश सेल्सिअसला वितळणारं मिश्रण मिळतं, हे २००३ पासून माहीत आहे आणि खरंच सुंदर आहे. पण खोलीच्या तापमानाला ते पाण्याच्या शेकडो पट दाट असतं, हे ज्याने पिपेटने ओढून बघितलंय त्यालाच कळतं. आणि उडत नाही हा गुण जितक्या वेळा सांगितला, तितक्या वेळा मला विचारावंसं वाटलं की उडत नाही तर काढता कसं? (पाणी ओतून. ते पाणी पुढे कुठे जातं हे कुणी सांगितलं नाही.) आयनिक द्रवांची, म्हणजे द्रवरूप क्षारांची, हीच वरात वीस वर्षांपूर्वी निघाली होती. हेक्झाफ्लुरोफॉस्फेटवाल्यांचं जलविघटन होऊन विषारी हायड्रोजन फ्लोराइड निघू शकतं हे दिसल्यावर बँड थांबला.

चौथ्यात सायरीन नावाचं द्रावक. सेल्युलोजपासून बनतं, डीएमएफ या नेहमीच्या द्रावकाची जागा घ्यायला उभं आहे. आणि जागा रिकामी होतेच आहे : युरोपीय संघाने डिसेंबर २०२३ पासून डीएमएफवर कडक निर्बंध घातलेत. पण सायरीन कीटोन आहे. जरा जोरदार बेस घातला की स्वतःशीच अल्डॉल करून, म्हणजे रेणूला रेणू जोडून, बसतं. उकळबिंदू २२७ अंश, तेव्हा रोटाव्हॅपवर उभं राहून वाट बघा. वक्त्याने बेसचा उल्लेख शेवटच्या अर्ध्या मिनिटात केला. तोच मी पाचव्या मिनिटाला ऐकायला आले होते.

सहावं 'धातूविरहित' सुझुकी, म्हणजे एरवी पॅलेडियमने होणारं कपलिंग. इथे माझा संयम संपला. २००३ साली असाच दावा झाला होता. २००५ मध्ये त्याच गटाने प्रामाणिकपणे सांगितलं की सोडियम कार्बोनेटमध्ये सुमारे ५० पीपीबी (अब्जात ५० भाग) पॅलेडियम होतं आणि काम तेच करत होतं. २०२१ मध्ये अमाइन उत्प्रेरकाचा गाजलेला निबंध त्याच वर्षी मागे घ्यावा लागला, कारण तेच, पॅलेडियम. इतकं होऊनही वक्त्याकडे आयसीपी-एमएसचे, म्हणजे अत्यल्प धातूही मोजणाऱ्या चाचणीचे, आकडे नव्हते. ज्याच्याकडे ते नाहीत, त्याने 'धातूविरहित' हा शब्द शीर्षकात घालू नये.

सातवं व्याख्यान कशाचं होतं ते आठवत नाही. तोवर मी इतकी वैतागले होते की त्या वक्त्यावर अन्याय झाला असेल. होऊ दे.

जाणारच असाल तर प्रश्न एकच ठेवा आणि छोटा ठेवा : 'अभिक्रियेनंतर एकूण किती द्रावक गेलं?' लांब प्रश्न विचारलात तर वक्ता त्यातलं सोपं टोक पकडतो. अध्यक्ष 'चहाला बोला' म्हणाले तर चहाला खरंच बोला. माझ्या प्रश्नाचं खरं उत्तर मला तिथेच, वक्त्याच्या विद्यार्थ्याकडून मिळालं : मोठ्या प्रमाणावर त्यांनी कॉलमऐवजी स्फटिकीकरण करून पाहिलं होतं आणि ते जमलं होतं. ही परिषदेतली सगळ्यात उपयोगी गोष्ट स्लाइडवर नव्हती!

चौथ्या दिवशी सकाळी यांत्रिकी रसायनाचं सत्र. आयुपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१९ च्या दहा उगवत्या तंत्रांत त्याला जागा दिली होती. मी लहान खोलीत उभी राहून ऐकलं आणि पाय दुखले नाहीत. भांड्यात घन पदार्थ आणि पोलादी गोळ्या, अर्धा तास खडखडाट, झालं. सगळ्यात आवडलं ते हे की वक्तीने न विचारता सांगितलं : भांडं धुवायला अभिक्रियेपेक्षा जास्त द्रावक लागलं, म्हणून आता आम्ही दुहेरी स्क्रूच्या एक्स्ट्रूडरकडे वळलोय, त्यात माल सलग बाहेर येतो. गोळ्या झिजून लोह मिसळतं, तेही सांगितलं. परत आल्यावर तिसऱ्याच दिवशी मी शेजारच्या प्रयोगशाळेची मिल मागून आणली. आवाज भयंकर आहे, वेगळी खोली हवी.

राहिलं पोस्टरचं. कापडावर छापा, घडी करून बॅगेत जातं. नळीत गुंडाळलेलं पोस्टर पाच दिवस सांभाळत फिरणं ही शिक्षा आहे. पोस्टरसत्र संध्याकाळी होतं, तेव्हा लोक दमलेले असतात आणि मोठा आकडा शोधत पुढे सरकतात. मी पीएमआय कॉलमसकट लिहिला होता, चार अंकी. बरेच जण वाचून हसले आणि गेले. दोघं थांबले. दोघंही प्रोसेस केमिस्ट (अभिक्रिया कारखान्याच्या प्रमाणावर बसवणारे), आणि दोघांचा पहिला प्रश्न एकच : कॉलम का, स्फटिक पडत नाहीत का? त्यांनी सुचवलेली द्रावकांची जोडी सध्या फ्रीजमध्ये आहे. अजून तेलच आहे.