फेरी सातवी : वरईची इडली अखेर खचायची थांबली

आषाढी एकादशीला माझ्या इडल्या पुन्हा मधोमध खचल्या आणि शेवटी फराळाला साबुदाण्याची खिचडीच टाकावी लागली. काल कामिका एकादशीला मात्र १६ पैकी १४ इडल्या पात्रातून काढल्यावरही फुगीर राहिल्या, म्हणून मधल्या पंधरा दिवसांत काय बदलले ते नोंदवून ठेवते.

प्रमाण पूर्वीचेच आहे : २ वाट्या वरई, अर्धी वाटी साबुदाणा, पाव वाटी आंबट ताक आणि सैंधव. सोडा किंवा फ्रूट सॉल्ट आमच्याकडे उपासाला चालत नाही, त्यामुळे सारी भिस्त आंबवण्यावर.

पीठ फुगत नाही, अशी तक्रार कधीच नव्हती. रात्रभरात ते दीडपट होई आणि वर जाळीही पडे. पण वाफवून झाकण काढले की इडलीचा घुमट डोळ्यांदेखत खाली जाई आणि सुरी घातल्यावर बुडाशी अर्ध्या बोटाचा, काचेसारखा चिकट थर सापडे. आधी मी दोष पाण्याला दिला आणि पीठ घट्ट केले, तर इडल्यांना भेगा पडल्या. मग १२ मिनिटांऐवजी १८ मिनिटे वाफवले, तरी थर जसाच्या तसा. शेवटी एकदा आंबलेले पीठ न ढवळता काचेच्या भांड्यात तासभर ठेवून पाहिले, तेव्हा वर पाणी आणि तळाशी पांढरा साका स्पष्ट दिसला. इडलीपात्रातही हेच होत असणार. उडदाच्या डाळीचा बुळबुळीतपणा बुडबुडे धरून ठेवतो आणि कणही तरंगते ठेवतो. उपासाच्या पिठात नेमका तोच नाही, आणि न शिजलेला साबुदाणा कितीही बारीक वाटला तरी त्याची जागा घेऊ शकत नाही.

केरळात आप्पमच्या पिठात त्याच पिठाचा थोडा भाग शिजवून मिसळतात, ही आठवण इथे कामी आली. वाटलेल्या पिठातले ३ मोठे चमचे पाऊण वाटी पाण्यात कालवून मंद आचेवर सतत ढवळत शिजवले आणि ती खळ चमच्याला धरून राहू लागल्यावर उतरवली. बोटाला कोमट लागेपर्यंत थांबून मगच उरलेल्या पिठात हाताने फेटली. परवाच्या तालमीत तेवढा धीर न धरता ती गरमच ओतली होती, तर सकाळपर्यंत पीठ तसूभरही हलले नाही. काल सकाळी मात्र वर पाणी सुटलेले नव्हते, आणि इडली मोडली तेव्हा जाळी बुडापर्यंत एकसारखी होती. ती मोडलेली इडली मी ओट्याशी उभ्यानेच, चटणीशिवाय खाल्ली. फसलेल्या दोन्ही इडल्या सर्वांत खालच्या ताटलीतल्या होत्या. तिथे उकळते पाणी उडत असावे, म्हणून पुढच्या वेळी पाणी दोन बोटे कमी घालणार आहे.

वरईबद्दल माझे मत अधिकच पक्के झाले आहे. तयार पीठ घेऊच नये. त्याला बुरशी लवकर धरते आणि भगरीच्या पिठातून विषबाधा झाल्याच्या बातम्या दर नवरात्रात येतात. मी नाशिककडची पाकीटबंद भगर आणते, निवडते, तीन पाण्यांनी धुते, चार तास भिजवते आणि घरीच रवाळ वाटते. कोपऱ्यावरच्या दुकानातली सुटी भगर स्वस्त पडते खरी, पण तिच्यातले खडे वेचण्यातच सकाळ जाते.

पुत्रदा एकादशीला साबुदाणा वगळून राजगिरा घालायचे ठरवले होते. मात्र हे लिहिता लिहिता वाटू लागले आहे की बुळबुळीतपणाच हवा असेल, तर भेंडी का नको? दोन कोवळ्या भेंड्या चिरून पाण्यात ठेवल्या आणि ते पाणी गाळून पिठात घातले, तर कदाचित खळ शिजवण्याचीही गरज उरणार नाही. राजगिरा आता पुढे ढकलला. अडचण एवढीच की माहेरी उपासाला भेंडी चालते आणि सासूबाईंना चालत नाही, तेव्हा पुत्रदेला पिठाची दोन पातेली लागतील : त्यांच्यासाठी खळीचे आणि माझ्यासाठी भेंडीचे.