घसा बसला त्या दिवशी

सकाळी उठले तर आवाजच फुटेना. रजा टाकायची वेळ टळून गेली होती, म्हणून तशीच वर्गावर गेले. प्रौढांचा इंग्रजी संभाषणाचा वर्ग, आणि शिकवणारीच मुकी!

फळ्यावर लिहिलं: कालचा दिवस कसा गेला ते जोडीदाराला ४ मिनिटांत सांगा. मग जोडीदार बदलून तेच ३ मिनिटांत, पुन्हा बदलून २ मिनिटांत. सराव जुनाच; पॉल नेशन या भाषाशिक्षणाच्या अभ्यासकाने १९८९ मध्ये त्यावर लिहिलं होतं. मीही तो घ्यायचे, पण मध्येमध्ये नाक खुपसत.

वर्गात एक गृहस्थ होते. व्याकरणाच्या चाचणीत पैकीच्या पैकी, बोलायला लागले की पहिल्याच क्रियापदाशी गाडी अडायची. ते 'यस्टरडे आय गो' म्हणाले की मी लगेच 'वेंट' पुरवायचे. ते 'वेंट, वेंट' पुटपुटायचे आणि पुढचं वाक्य विसरायचे. त्या दिवशी त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून नुसती बसले.

पहिल्या फेरीत 'गो'च. एका शब्दासाठी ते इतका वेळ अडले की माझे ओठ आपोआप हलले. आवाज नव्हता म्हणून वाचले. मी नाही, ते! शब्द त्यांचा त्यांनाच सापडला. दुसऱ्या फेरीत पाल्हाळ गळलं. तिसऱ्या फेरीत 'यस्टरडे आय गो...', क्षणभर थांबून, 'वेंट'. आणि गोष्ट पुढे चालू!

काय सांगायचं ते ठरवणं, शब्द जुळवणं, उच्चारणं आणि आपलंच बोलणं ऐकून तपासणं, हे सगळं बोलताना एकदमच चालतं. तिसऱ्यांदा सांगताना पहिली दोन कामं बरीचशी उरकलेली असतात, म्हणून कान स्वतःकडे लागतात. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. घडताना पाहिलं नव्हतं, कारण पाहायला गप्प बसावं लागतं.

जादू मात्र नव्हे. त्यांचं 'डिस्कस्ड अबाउट' तिन्ही फेऱ्यांत टिकलं, तिसऱ्यात तर जास्तच ठसक्यात. जी चूक चूक आहे हेच ठाऊक नाही, ती सरावाने पक्कीच होणार. तास संपताना अशी ऐकलेली पाच वाक्यं नावं न घालता फळ्यावर लिहिली. त्यांनी स्वतः उठून 'अबाउट' पुसलं.

चार दिवसांनी आवाज परतला. त्यांनी पुन्हा 'गो' म्हटलं आणि माझ्या तोंडून 'वेंट' निसटलंच. ते थांबले. पुढचं वाक्य काही आलं नाही.