एमजीबी: डाव्या बाजूचं सिल बसलं, दरवाजाची फट जुळली

माझ्या एमजीबीची, म्हणजे जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारची, दुरुस्ती चालू आहे आणि मागच्या नोंदीत तिची डावी बाजू पार उघडी पडली होती. आता नवं सिल, म्हणजे दरवाजाखालची लांब पोकळ पट्टी, वेल्ड होऊन पक्कं झालंय, दरवाजा एका बोटाने ढकलला तरी लागतो आणि पुढची विंग (चाकावरचा बाहेरचा पत्रा) बोल्टांवर टांगली आहे. मागच्या विंगचा खालचा भाग अजून बाकी आहे, पण सगळ्यात अवघड टप्पा मागे पडला.

एमजीबीच्या सिलचा एवढा बाऊ का करावा लागतो, हे नव्याने या गाडीकडे वळणाऱ्यांसाठी सांगतो. १९६२ ते १९८० या काळात बनलेल्या या गाडीला वेगळी चासी (खालचा सांगाडा) नाही, बॉडीच सगळा भार उचलते. माझी रोडस्टर आहे, म्हणजे वर छप्परही नाही. त्यामुळे पुढचं आणि मागचं धड जोडून धरण्याचं बरंचसं काम दोन्ही बाजूंची सिलं करतात. सिल म्हणजे दिसणारा एकच पत्रा नव्हे. बाहेरचं सिल, आत उभा पडदा म्हणजे मेंब्रेन, आणि तळाशी कॅसल रेल, असे थर एकमेकांना धरून असतात. माझ्या गाडीवर पूर्वी कोणीतरी सडलेल्या पत्र्यावरच नवा पत्रा चढवून दिला होता. बाहेरून छान दिसत होतं, आत मेंब्रेनचा खालचा भाग हाताने भुगा होत होता. अशी वरवरची दुरुस्ती मला मान्य नाही. सिल बदलायचं तर तिन्ही थर बदलायचे.

कापाकापीआधी दरवाजाच्या चौकटीत चौकोनी नळीचे आडवे-तिरके आधार वेल्ड केले. ते मुद्दाम आतल्या बाजूने घेतले, म्हणजे आधार न काढता दरवाजा लावून बघता येतो. स्टँड पुढच्या आणि मागच्या सस्पेन्शनजवळ ठेवले. आधार मधोमध दिला की दोन्ही टोकं खाली झुकतात आणि दरवाजाची वरची फट रुंदावते. आधार अगदी टोकांना गेला तर मधला भाग बसतो आणि तीच फट आवळते. जुनं सिल काढायच्या आधीच फटी मोजून मास्किंग टेपवर लिहून गाडीवर चिकटवल्या होत्या. पुढे प्रत्येक टप्प्यावर ते आकडे कामी आले.

खरा वेळ गेला तो वेल्डिंग न करता नुसतं जुळवण्यात, आणि जावाच. नवे पत्रे ब्रिटिश मोटर हेरिटेजचे, शक्य तिथे मूळ साच्यांवरच काढलेले. तरी ते आणले आणि बसवले असं होत नाही. आधी दरवाजा बिजागऱ्यांवर टांगून मागच्या विंगशी जुळवला, कारण ती विंग वेल्ड केलेली असते, सरकत नाही. मग सिल क्लॅम्पवर आणि थोड्या पत्र्याच्या स्क्रूंवर धरून दरवाजाच्या खालच्या कडेशी आणलं. शेवटी पुढची विंग लावून दरवाजाची पुढची फट पाहिली. विंग पुढेमागे होते, सिलही वरखाली होतं, म्हणून जे हलत नाही तिथून सुरुवात. साधारण ४ ते ५ मिमीची फट सगळीकडे सारखी हवी होती. मागे खालच्या कोपऱ्यात ती निमुळती होत होती. दरवाजाला हात न लावता सिलचं मागचं टोक किंचित खाली घेतलं आणि बिजागरीखाली एक पातळ शिम (पत्र्याची चकती) सरकवली, तेवढ्याने रेष सरळ आली. फट केवळ डोळ्यांना सरळ वाटून भागत नाही. विंग, दरवाजा आणि सिल यांच्या पृष्ठभागांची पातळीही हात फिरवून बघा. बोटांना जे कळतं ते डोळ्यांना पुष्कळदा रंग मारल्यावरच कळतं.

जुळवणी पटल्यावर सगळं पुन्हा सुटं केलं. जुने स्पॉट वेल्ड (कारखान्यातले ठिपक्यांसारखे जोड) कटरने काढलेलेच होते. नव्या पत्र्याच्या फ्लँजवर, म्हणजे जोडायच्या दुमडलेल्या कडेवर, ६ मिमीची भोकं पाडली (ती वेल्डने भरली की झाले प्लग), जोडाच्या जागचा काळा लेप घासून काढला आणि वेल्ड-थ्रू प्रायमर, म्हणजे ज्यावरून वेल्ड करता येतो असा जस्ताचा लेप, मारला. भोकाच्या तळाशी मात्र तो खरवडून टाकतो, जस्तामुळे ठिणग्या उडतात आणि वेल्ड सच्छिद्र होतो. मिग वेल्डिंग मशीनवर ०.६ मिमीची तार. आधी लांब-लांब अंतरावर टॅक (तात्पुरते छोटे वेल्ड), एकदा पुढे, एकदा मागे, मग मध्ये, म्हणजे उष्णता एका जागी साचत नाही. थोडे टॅक झाले की दरवाजा लावून टेपवरचे आकडे पडताळायचे. फट हलली तर त्या टप्प्यावर टॅक कापून मागे येता येतं, सगळे प्लग भरल्यावर नाही. कॅसल रेलमधली पाणी निचऱ्याची भोकं वेल्डिंगनंतर मोकळी आहेत ना, हे तारेने तपासलं. ती बुजली तर नवं सिल आतून पुन्हा कुजेल.

मागच्या विंगच्या खालच्या तुकड्यासाठी कडा एकावर एक न चढवता समोरासमोर भिडवून जोडणार आहे. वेळ जास्त लागतो, पण दुहेरी पत्र्यात पाणी अडकायला जागा राहत नाही. सिलच्या आतलं गंजरोधक मेण रंगकाम झाल्यावरच, आधी भरलं तर रंगाला त्रास देतं. उजव्या बाजूला हात लावेन तो डावीचे आतले आधार काढून, गाडी चाकांवर उतरवून, फटी पुन्हा एकदा मोजल्यावर.